हेसिओनी: प्रायमची बहीण, ट्यूसरची आई

प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘इलियड’ या होमरच्या ट्रॉय-युद्धावरच्या महाकाव्यात ट्यूसर हा ग्रीकांचा नावाजलेला तिरंदाज. तळटीप सांगते की हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा भाचा, प्रायमची बहीण हेसिओनी हिचा मुलगा. मग तो सख्ख्या मामाच्या नगरावर बाण कसे सोडतो? ही हेसिओनी कोण? ट्यूसरचा भाऊ एजॅक्सही तिचाच मुलगा का? आणि जिथे वाचावं तिथे तिची गोष्ट वेगळी का निघते?

मी बरीच वर्षं ग्रीक वाचायला शिकवते आहे. या प्रश्नात एक गोष्ट मला फार आवडली: तो नात्यातून आला आहे. इंग्रजीत प्रायमचा मुलगा हेक्टर आणि ट्यूसर दोघे एकमेकांचे ‘कझिन’ होऊन जातात आणि वाचणाऱ्याला त्यात काही टोचत नाही. मराठीत हेक्टर ट्यूसरचा मामेभाऊ होतो आणि हेसिओनी हेक्टरची आत्या. हे शब्द मनात ठेवून आठवं पर्व वाचलं तर तीच लढाई वेगळी दिसते. तिथे येईनच, आधी घर कुठलं ते पाहू.

ट्रॉयचा राजा ट्रॉस याला इलस, असारकस आणि गॅनिमीड असे तीन मुलगे. गॅनिमीड इतका देखणा की देवांचा राजा झ्यूसने त्याला उचलून नेलं, आणि बापाला भरपाई म्हणून दिव्य घोडे दिले. इलसचा मुलगा लाओमेडॉन. लाओमेडॉनची मुलं म्हणजे टिथोनस, लॅम्पस, क्लिटियस, हिकेटाओन आणि पोडार्सीस, जो पुढे प्रायम झाला. मुलींमध्ये हेसिओनी, सिला आणि अस्टिओकी. आई कोण याबद्दल जुन्या लेखकांतच एकमत नाही. अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या संग्रहात स्ट्रायमो, प्लॅकिया, ल्यूसिपी अशी तीन नावं शेजारीशेजारी दिली आहेत. टिथोनसला उषादेवी इऑसने नेलं आणि त्यांचा मुलगा मेम्नॉन. म्हणजे तो हेसिओनीचा भाचा. असारकसच्या शाखेत पुढे अँकायसीस आणि त्याचा मुलगा ईनीअस.

या वंशावळीत घोड्यांवर बोट ठेवून वाचा. ते घोडे घरात आले तेच नेलेल्या मुलाची किंमत म्हणून. आणि पुढे लाओमेडॉनने त्याच घोड्यांच्या बोलीवर मुलीचा जीव वाचवून घेतला.

लाओमेडॉनला नगराला तट बांधायचा होता. झ्यूसच्या आज्ञेवरून समुद्रदेव पोसायडन आणि अपोलो हे दोन देव वर्षभर त्याच्याकडे मजुरीला राहिले. ‘इलियड’च्या एकविसाव्या पर्वात पोसायडन अपोलोला ते दिवस आठवून देतो: मी तट बांधला, तू इडा पर्वतावर गुरं राखलीस, वर्ष भरलं आणि त्याने ठरलेली मजुरी बुडवली. वर धमकी दिली की हातपाय बांधून दूरच्या बेटांवर विकीन आणि दोघांचे कान कापीन. देव हे सांगतो आहे, पण त्याच्या तोंडी दुखणं मजुराचं आहे, आणि म्हणूनच ते इतकं खरं वाटतं.

मजुरी बुडवल्यावर अपोलोने रोगाची साथ पाठवली आणि पोसायडनने समुद्रातून एक श्वापद. ते भरतीबरोबर किनाऱ्यावर येई आणि माणसं ओढून नेई. कौल लागला की श्वापदाला मुलगी द्यावी. इथे लायकोफ्रॉन या ग्रीक कवीच्या काव्यातून आणि त्यावरच्या टीकांतून एक उपकथा मिळते, ती मी मुद्दाम सांगते कारण ती सहसा गाळली जाते. लाओमेडॉनला आधी स्वतःची मुलगी द्यायची नव्हती. नगरात फिनोडामस नावाच्या गृहस्थाला तीन मुली होत्या, त्यांच्यातली एक द्या असं तो म्हणत होता. फिनोडामस लोकांसमोर उभा राहून म्हणाला, वचन राजाने मोडलं, तर मुलगीही राजाचीच जाऊ दे. शेवटी चिठ्ठी निघाली ती हेसिओनीची. लाओमेडॉनने मग फिनोडामसवर सूड उगवला: त्याच्या तिन्ही मुली खलाशांच्या हवाली केल्या, दूर पश्चिमेला सिसिलीत श्वापदांसमोर टाकून द्यायला. त्या वाचल्या. त्यांच्यातल्या एकीच्या मुलाने सिसिलीत एगेस्टा नगर वसवलं असं पुढे सांगतात. राजाचं देणं प्रजेच्या लेकींवर लोटायचं, हा भाग माहीत असला की हेसिओनीला खडकाला बांधलं जाणं निव्वळ दैवाचा खेळ राहत नाही.

ग्रीकांचा महाबली वीर हेराक्लीस ॲमेझॉन या लढवय्या स्त्रियांवरच्या मोहिमेवरून परतताना तिथे आला. मुलगी वाचवतो, घोडे द्या, असा सौदा ठरला. त्याने श्वापद मारलं. हेलानिकसच्या जुन्या वृत्तान्तात तो त्याच्या पोटात शिरून आतून मारतो. लाओमेडॉनने पुन्हा शब्द फिरवला. एका पाठभेदात त्याने दिव्य घोड्यांऐवजी साधे घोडे पुढे केले.

या प्रसंगाचं माझं आवडतं चित्र बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे: इ. स. पू. ५५०च्या सुमाराचं, कोरिंथमध्ये घडवलेलं मद्य कालवायचं मोठं भांडं. डावीकडे कड्यातून बाहेर आलेलं श्वापदाचं पांढरं डोकं. त्यावर कातडी नाही, मांस नाही, जणू नुसती कवटी. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की चित्रकाराने जमिनीतून निघालेल्या एखाद्या प्रचंड जीवाश्म कवटीवरून ते काढलं असावं. समोर हेराक्लीस धनुष्य ताणून उभा. त्याच्या आणि श्वापदाच्या मध्ये हेसिओनी आहे. तिला बांधलेलं नाही आणि ती रडतही नाही. तिच्या हातात दगड आहेत आणि ती ते श्वापदाला मारते आहे. लिहिलेल्या कथांमध्ये ती बांधलेली असते, सोडवली जाते, दिली जाते. या कुंभारवाड्यातल्या चित्रकाराला मात्र ती लढताना दिसली. विद्यार्थ्यांना मी आधी हे चित्र दाखवते, मजकूर नंतर देते. ज्या क्रमाने ती पहिल्यांदा भेटते, त्यावर पुढचं सगळं वाचन ठरतं.

काही काळाने हेराक्लीस सैन्य घेऊन परत आला. ‘इलियड’च्या पाचव्या पर्वात सहाच जहाजं म्हटली आहेत, अपोलोडोरस पन्नास-पन्नास वल्ह्यांची अठरा सांगतो. सोबत सॅलमिस बेटाचा टेलामॉन होता. तटाला खिंडार पाडून नगरात पहिला शिरला तो टेलामॉन. आपल्यापुढे कोणी गेलेलं हेराक्लीसला सहन होईना. तो तलवार उपसून टेलामॉनवर धावला. टेलामॉनने प्रसंग ओळखला आणि खाली वाकून दगड गोळा करायला लागला. काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, विजयी हेराक्लीसची वेदी बांधतो आहे. त्यावर हेराक्लीस खूश झाला. लाओमेडॉन आणि पोडार्सीस सोडून त्याचे मुलगे मारले गेले आणि पराक्रमाचं बक्षीस म्हणून टेलामॉनला हेसिओनी मिळाली.

ग्रीक कवी पिंडारच्या आठव्या ऑलिंपियन स्तोत्रात (इ. स. पू. ४६०) म्हटलं आहे की ट्रॉयचा तट बांधताना देवांनी एका माणसाला मदतीला घेतलं होतं, एजिना बेटाच्या एआकसला. तट पूर्ण झाल्यावर तीन साप त्यावर झेपावले. दोन कोसळून मेले, तिसरा आत शिरला. अपोलोने अर्थ सांगितला: एआकस, तुझ्या हातच्या बांधकामातूनच हे नगर पडेल, आणि तुझ्याच वंशजांकडून. टेलामॉन हा एआकसचा मुलगा. बापाने बांधलेली भिंत मुलाने पाडली, आणि त्या भिंतीआडच्या राजकन्येला घरी नेलं. हेसिओनीच्या सासऱ्यांनी तिच्या माहेरचा तट बांधला होता!

आता तिची स्वतःची म्हणावी अशी कृती. अपोलोडोरसमध्ये ती जेमतेम चार ओळींची आहे. हेराक्लीस तिला म्हणतो, बंदिवानांपैकी हवा तो एक निवड. ती भावाला निवडते, पोडार्सीसला. हेराक्लीस अट घालतो: आधी तो गुलाम झाला पाहिजे, मग तू काहीतरी मोल देऊन त्याला घे. पोडार्सीस विकायला उभा केला जातो. ती डोक्यावरचं वस्त्र काढते आणि मोल म्हणून देते. ग्रीकमध्ये ‘प्रियामाइ’ म्हणजे विकत घेणं, म्हणून त्याचं नाव प्रायम पडलं.

त्या वस्त्रासाठी मूळ शब्द ‘कॅलिप्ट्रा’ असा आहे. भाषांतर करताना ‘पदर’ लिहायचा मोह मलाही होतो, पण पदर साडीचाच भाग असतो. हे वेगळं वस्त्र होतं, डोक्यावरून खांद्यावर उतरणारं, घरंदाज स्त्रीची ओळख असलेलं. ते उतरवणं म्हणजे चारचौघांत आपली अब्रू उघडी करणं. ‘इलियड’च्या बाविसाव्या पर्वात हेक्टरचं शव फरफटताना पाहून त्याची बायको अँड्रोमॅकी हिचं लग्नात मिळालेलं शिरोवस्त्र गळून पडतं. तिथला शब्द ‘क्रीडेम्नॉन’, आणि होमर हाच शब्द नगराच्या तटाच्या माथ्यासाठीही वापरतो. ग्रीक कानाला बाईचं डोकं उघडं पडणं आणि नगर पडणं यांत फार अंतर नव्हतं. लुटीनंतर हेसिओनीकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि ते तिने दिलं. तिच्या बापाने देवांची मजुरी बुडवली, हेराक्लीसचे घोडे बुडवले. त्या घराण्यात ठरलेलं मोल ठरलेल्या वेळी कोणी चुकतं केलं असेल, तर ते या मुलीने. माझ्या मते तिची सगळी गोष्ट या एका देवघेवीत आहे.

नावाची व्युत्पत्ती मात्र भाषाशास्त्र मान्य करत नाही. ही ग्रीक कानाने ऐकून लावलेली लोकव्युत्पत्ती आहे. पश्चिम अनातोलियातल्या लुवियन भाषेत ‘पारियामुवा’ असं नाव मिळतं आणि बरेच अभ्यासक प्रायम त्याच्याशी जोडतात. पण म्हणून कथा टाकून देऊ नका. नावाचा अर्थ शोधताना कोणी सोन्याच्या मोहरांची गोष्ट रचली नाही, बहिणीच्या वस्त्राची रचली.

पाठभेद एवढे का, याचं उत्तर साधं आहे. होमर हेसिओनीचं नावच घेत नाही. पाचव्या पर्वात हेराक्लीसचा मुलगा ट्लेपोलेमस फुशारकी मारतो की माझा बाप लाओमेडॉनच्या घोड्यांसाठी आला आणि नगर लुटून गेला. घोडे आठवतात, मुलगी नाही. विसाव्या पर्वात श्वापदाचा ओझरता उल्लेख आहे, तिथेही नाही. होमरने रिकामी सोडलेली जागा पुढच्या प्रत्येकाने आपापल्या परीने भरली. शिवाय होमरशी त्यांचं जुळतही नाही: अपोलोडोरस म्हणतो पोडार्सीस सोडून लाओमेडॉनचे सगळे मुलगे मेले, आणि ‘इलियड’च्या तिसऱ्या पर्वात लॅम्पस, क्लिटियस आणि हिकेटाओन प्रायमशेजारी वेशीवर बसून म्हाताऱ्यांच्या गप्पा करतात. हे जुळवत बसू नका, जुळत नाही.

ग्रीक इतिहासकार डायोडोरसचा पाठ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यात हेराक्लीस तिला साखळ्यांतून सोडवून निवड देतो: आईबापांकडे राहा, नाहीतर माझ्यासोबत ये. ती परक्यासोबत जायचं ठरवते. कारणं दोन दिली आहेत. एक, रक्ताच्या नात्यापेक्षा उपकार मोठा वाटला. दुसरं, पुन्हा श्वापद आलं तर हेच लोक मला पुन्हा बांधतील ही भीती. हे दुसरं कारण सांगणाऱ्याने माणसं पाहिलेली होती. त्याच पाठात प्रायम वाचतो तो बहिणीमुळे नाही: सगळ्या भावांत तो एकटाच बापाला सांगतो की ठरलेले घोडे द्या, बहीण द्या; आणि तुरुंगातल्या टेलामॉनला लपवून तलवार पोचवतो. म्हणजे इथे प्रायमला स्वतःच्या कर्माने राज्य मिळतं. कुठला पाठ खरा, असं विचारू नका. कोणत्या पाठात कोणाला निवड करू दिली आहे, ते पाहा.

आता मुलांकडे. एजॅक्सही टेलामॉनचाच मुलगा, पण हेसिओनीचा नाही. ग्रीक परंपरेत त्याची आई मेगाराच्या अल्काथूसची मुलगी, पेरिबीया किंवा एरिबीया. घोळ झाला तो उशिराच्या, डेअरीसच्या नावाने चालणाऱ्या लॅटिन वृत्तान्तामुळे. त्यात एजॅक्सला हेसिओनीचा मुलगा केलं आहे, आणि हेक्टर त्याला आतेभाऊ म्हणून ओळखून लढाई थांबवतो. त्याच वृत्तान्तात प्रायम बहीण परत मागायला दूत पाठवतो, ग्रीक नकार देतात, आणि मग प्रायमचा मुलगा पॅरिस ग्रीकांची राणी हेलन हिला आणतो. मध्ययुगीन युरोपने होमर नव्हे, हाच वाचला होता. शेक्सपिअरच्या ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’त ग्रीकांनी अडकवून ठेवलेली म्हातारी आत्या येते ती याच वाटेने. इंटरनेटवर मिळणारी बरीच माहिती ही दोन्ही टोकं न सांगता एकत्र शिवलेली असते. शिवाय याच नावाच्या आणखी दोघी आहेत, प्रॉमिथियसची बायको आणि काहींच्या मते नॉप्लियसची. त्यांना वेगळं ठेवा.

हेसिओनीचा मुलगा ट्यूसर, आणि हे नावच पाहण्यासारखं आहे. ट्रोआडच्या, म्हणजे ट्रॉयभोवतालच्या प्रदेशाच्या, पहिल्या राजाचं नाव ट्यूसर; त्याची मुलगी डार्डानसला दिली आणि त्यांच्यापासून ट्रॉयचं राजघराणं आलं. होमर ट्रोजनांना त्या नावाने हाक मारत नाही, पण हिरोडोटस ट्रॉयच्या प्रदेशाला ट्यूसरांची भूमी म्हणतो आणि रोमन कवी व्हर्जिलमध्ये ट्रोजन म्हणजे सर्रास ट्यूसरच. सॅलमिसच्या राजाने बंदिवान बायकोच्या मुलाला तिच्या मूळपुरुषाचं नाव दिलं. हे कोणी सुचवलं ते कुठल्याच कवीने लिहिलेलं नाही. मला ते तिनेच सुचवलेलं वाटतं, आणि हे माझं मत म्हणूनच घ्या.

आठव्या पर्वात ट्यूसर एजॅक्सच्या ढालीआडून लढतो. एजॅक्स ढाल किंचित हलवतो, ट्यूसर नेम धरून बाण सोडतो आणि मागे सरून पुन्हा ढालीखाली शिरतो. होमर उपमा देतो: लेकरू आईपाशी शिरावं तसा. ज्याची आई याच नगरातून नेली, त्याला त्या नगरासमोर उभं करून हीच उपमा. आठ बाण, आठ माणसं. ग्रीकांचा सेनापती अगमेम्नॉन शाबासकी देतो आणि त्याच दमात म्हणतो, तू दासीपुत्र असूनही टेलामॉनने तुला स्वतःच्या घरात वाढवलं. मग ट्यूसर हेक्टरवर नेम धरतो, बाण चुकतो आणि प्रायमच्या दुसऱ्या मुलाच्या, गॉर्गिथिऑनच्या छातीत घुसतो. बागेतलं खसखशीचं बोंड बियांनी आणि वसंतातल्या पावसाने जड होऊन कलावं, तसं त्याचं डोकं शिरस्त्राणाच्या भाराने एका बाजूला कलतं. तो त्याचा मामेभाऊ. होमर नातं सांगत नाही. पुढे हेक्टर धोंडा उचलून ट्यूसरच्या गळ्याच्या हाडापाशी हाणतो, धनुष्याची दोरी तुटते, आणि एजॅक्स धावत येऊन ढाल धरतो.

तर तो मामाविरुद्ध का लढतो? कारण ग्रीक जगात मूल बापाच्या घराचं, आणि आई लुटीत आलेली असेल तर त्याला त्या घरातली जागा रोज नव्याने कमवावी लागे. सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’ नाटकात हे उघड बोललं जातं. एजॅक्स मेल्यावर ट्यूसरला पहिली धास्ती बापाची: टेलामॉन मला भाल्याने जिंकलेल्या बाईचं पोर म्हणेल, भावाला सोडून आलास म्हणेल. अगमेम्नॉन त्याला बंदिणीचा मुलगा म्हणतो. वर म्हणतो, तुझ्या वतीने बोलायला कोणी स्वतंत्र माणूस आण, मला रानटी भाषा कळत नाही. ट्यूसर उसळून उत्तर देतो: तुझा आजा पेलॉप्स फ्रिजियाचा परकाच होता. माझा बाप टेलामॉन, सैन्यात पहिल्या पराक्रमाचा मान म्हणून ज्याला माझी आई मिळाली. आणि ती जन्माने राणी, लाओमेडॉनची लेक. इ. स. पू. ४५१मध्ये पेरिक्लीसच्या कायद्याने अथेन्सचं नागरिकत्व आईबाप दोघेही अथेन्सचे असतील त्यांनाच ठेवलं. त्या पिढीच्या प्रेक्षकांना ही भाषा घरातली वाटली असणार.

ट्यूसर भावाशिवाय परतला म्हणून टेलामॉनने त्याला सॅलमिसवर पाय ठेवू दिला नाही. त्याने सायप्रसमध्ये नवं सॅलमिस वसवलं. अथेन्सचा वक्ता इसोक्रटीस सांगतो की तिथला राजा इव्हॅगोरस स्वतःला त्याचा वंशज मानत होता. म्हणजे इ. स. पू. चौथ्या शतकात सायप्रसच्या गादीवर बसलेला राजा लाओमेडॉनच्या लेकीपर्यंत आपलं रक्त पोचवत होता.

हेसिओनी टेलामॉनची राणी होती की रखेल? सोफोक्लीसमध्ये ती शय्यासोबतीण आहे, डायोडोरसमध्ये टेलामॉन तिच्याशी लग्न करतो. आणि व्हर्जिलमध्ये एक उल्लेख आहे, तो मी नेहमी शेवटी वाचून दाखवते. ‘ईनीड’च्या आठव्या पर्वात म्हातारा इव्हँडर ईनीअसकडे बघत राहतो आणि त्याला तरुणपण आठवतं: प्रायम एकदा आमच्या आर्केडियावरून गेला होता, सोबत तुझा बाप अँकायसीस होता, सगळ्यांत उंच. मी त्याचा हात धरायला आतुर झालो होतो. जाताना त्याने मला बाणांचा भाता दिला, सोन्याचे धागे विणलेलं वस्त्र दिलं आणि सोन्याचे दोन लगाम. कुठे निघाले होते ते? प्रायम सॅलमिसला निघाला होता, बहीण हेसिओनीचं राज्य पाहायला.